मैदान, मजले आणि मतपेटी : वाचकांचे प्रश्न

गल्लीत टॉवर उभा राहिला किंवा खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठलं, की पहिला प्रश्न पडतो, ‘आम्हाला विचारलं कुणी?’ या खेपेच्या बहुतेक पत्रांचा सूर तोच आहे. जमिनीचा वापर, एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण), नव्या वसाहती यांवर त्या त्या भागातल्या मतदारांचं मतदान घ्यावं, असं अनेकांना वाटतं. त्यातले काही प्रश्न आणि आमची उत्तरं.

प्रश्न : आमच्या भागात एफएसआय वाढवायचा का, मोकळ्या जागा घरांसाठी खुल्या करायच्या का, हे इथल्या मतदारांनी मतदानानं ठरवावं, अशी मागणी आम्ही नगरसेवकाकडे केली. ‘कायद्यात बसत नाही’ असं उत्तर आलं. खरंच बसत नाही, की टोलवाटोलवी? (मुलुंड पूर्व)

खरंच बसत नाही. मुंबईत जमिनीचा वापर ठरतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानं. विकास आराखड्याचा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय होईल हे ठरवणाऱ्या योजनेचा, मसुदा महापालिका करते. हरकती-सूचना ऐकते ती नियोजन समिती, म्हणजे स्थायी समितीचे ३ सदस्य आणि त्यांच्या जोडीला शासनानं नेमलेले जाणकार. मग महापालिकेचं सभागृह आणि शेवटी मंत्रालयातलं नगरविकास खातं. सध्याचा २०३४चा आराखडा याच वाटेनं आला. पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५मध्ये निघाला आणि त्यात इतक्या चुका सापडल्या की दोन महिन्यांत तो गुंडाळून नव्यानं करायला सांगितलं गेलं. सुधारित मसुदा मे २०१६मध्ये, शासनाची मंजुरी ८ मे २०१८ला, अंमल १ सप्टेंबर २०१८पासून. या साखळीत मतपेटी कुठेच नाही.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. तुमच्या प्रभागातल्या सगळ्या जमिनीवर महापालिकेचाच शब्द चालतो असं नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजना एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) मंजूर करते, म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, वसाहतींचं नियोजन म्हाडा करते, वांद्रे-कुर्ला संकुल किंवा वडाळ्याचं ट्रक टर्मिनस यांवर एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) बसलेली आहे. म्हणजे उद्या महापालिकेनं हौसेनं मतदान घेतलं, तरी शेजारच्या भूखंडावर त्याचा काडीचा परिणाम होणार नाही.

पण ‘स्थानिक मतदान’ ही कल्पना महाराष्ट्राला परकी आहे असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. दारूच्या दुकानासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. २५ टक्के मतदारांनी किंवा महिला मतदारांनी लेखी मागणी करायची, सह्यांची पडताळणी व्हायची, मग गुप्त मतदान. शहरातल्या वॉर्डालाही ही सोय आहे. जमिनीच्या बाबतीतही एक उदाहरण आहे, आणि तेही मुंबईपासून दोन तासांवर. २१ सप्टेंबर २००८ला महामुंबई एसईझेड या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, यावर रायगडमधल्या २२ गावांतल्या शेतकऱ्यांचं मत प्रशासनानं मतपेटीत घेतलं. निकाल मात्र शासनानं अधिकृतपणे जाहीर केलाच नाही. प्रकल्प पुढे बारगळला. पण दोन्हींतला फरक बघा. बाटलीच्या मतदानामागे नियम आहे, म्हणून दुकान बंद होतं. रायगडच्या मतदानामागे तसा नियम नव्हता, म्हणून मतपत्रिका मोजूनही निर्णय मंत्रालयातच राहिला. तुमची मागणी रेटायची असेल तर नगरसेवकाकडे नव्हे, आमदाराकडे जायला हवं. दुरुस्ती १९६६च्या कायद्यात लागेल.

प्रश्न : अमेरिकेत आणि युरोपात म्हणे लोक झोनिंगवर, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं यावर, मतदान करतात. तिथे काय निष्पन्न झालं? (विलेपार्ले)

कुणी काय विचारलं आणि कुणाला विचारलं, त्यावर सगळं ठरलं.

ह्यूस्टन शहरात झोनिंग आणायचं का, हे मतदारांना १९४८, १९६२ आणि १९९३ असं तीनदा विचारलं गेलं. तिन्ही वेळा नकार. आजही त्या अवाढव्य शहराला आपल्या अर्थानं झोनिंग नाही. बर्लिनमध्ये बंद पडलेल्या टेंपलहोफ विमानतळाच्या कडेला सुमारे ४,७०० घरं बांधायचा शहर सरकारचा बेत होता. २५ मे २०१४च्या मतदानात लोकांनी तो उधळला आणि मैदान जसंच्या तसं राखलं. स्वित्झर्लंडमध्ये ११ मार्च २०१२ला कोणत्याही गावात सुट्टीपुरती वापरायची घरं २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, असं देशभराच्या मतदानात ठरलं. तेही जेमतेम, ५०.६ टक्क्यांनी.

मुंबईकरांनी नीट बघावं असं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटास या समुद्रकाठच्या छोट्या शहराचं आहे. २०१३मध्ये तिथल्या मतदारांनी ठरवलं की घनता वाढवायची असेल तर आधी आमचं मत घ्या. राज्याचा कायदा मात्र सांगत होता की प्रत्येक शहरानं घरांचा आपला वाटा उचलायचा आणि त्यासाठी जागा दाखवायची. पालिकेनं २०१६मध्ये योजना मतदानाला ठेवली, पडली. २०१८मध्ये दुसरी ठेवली, तीही पडली. शेवटी न्यायालयानं मतदानाची अट बाजूला ठेवून योजना मंजूर करायला लावली. प्रत्येक मतदाराचं म्हणणं वेगवेगळं पाहिलं तर चुकीचं नव्हतं. घरं हवीत, पण इथे नकोत. असं प्रत्येक गावानं म्हटलं की घर कुठेच होत नाही.

फ्लोरिडात २०१०मध्ये असाच नियम सबंध राज्याला लावण्याचा प्रस्ताव आला होता. आराखड्यातला प्रत्येक बदल मतदानाला ठेवायचा. दोन तृतीयांश मतदारांनी तो नाकारला. प्रत्येक किरकोळ बदलासाठी कोण मतदान केंद्रावर जाणार?

प्रश्न : वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर नोटीस आली आहे. आमच्या मैदानाच्या आरक्षणात ‘फेरबदल’ प्रस्तावित आहे आणि हरकतींना एक महिना आहे. मतदान वगैरे राहू द्या, या महिन्यात नेमकं काय करायचं ते सांगा. (गोरेगाव पश्चिम)

हा या अंकातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नोटिशीत १९६६च्या कायद्याचं कुठलं कलम आहे ते वाचा. ‘कलम ३७(१)’ असेल तर प्रस्ताव महापालिकेचा आहे आणि हरकत प्रमुख अभियंता (विकास नियोजन) यांच्याकडे जाते. ‘३७(१कक)’ असेल तर शासनानं महापालिकेला वळसा घालून स्वतःच बदल प्रस्तावित केला आहे. अशा वेळी हरकत नगररचना उपसंचालक, बृहन्मुंबई यांच्या कार्यालयात द्यायची असते. महापालिका मार्गावर आझाद मैदानाच्या कडेला एन्सा हटमेंट नावाच्या बैठ्या बराकी आहेत, तिथे ते बसतात. चुकीच्या दारात दिलेली हरकत फिरत राहते आणि महिना संपतो. नोटिशीत ‘कलम १५४’ हा शब्दही शोधा. तो असेल तर बदल अंतिम मंजुरीची वाट न पाहता आजपासूनच लागू झालेला असू शकतो. मग तुमची हरकत बदल होऊ नये म्हणून नसते, झालेला बदल मागे घ्यावा म्हणून असते, आणि मजकूर तसा लिहावा लागतो.

महिना मोजताना नोटिशीत लिहिलेली तारीख धरा. बऱ्याचदा ती राजपत्रात प्रसिद्ध झाल्याची असते आणि वर्तमानपत्र तुमच्या हातात येईपर्यंत त्यातले आठ-दहा दिवस गेलेले असतात.

पहिल्या आठवड्यात तीन कागद गोळा करा. महापालिकेच्या संकेतस्थळावरून सीटीएस क्रमांक (नगर भूमापनातला जमिनीचा क्रमांक) टाकून विकास आराखड्याचा अभिप्राय, ज्याला सगळे डीपी रिमार्क म्हणतात. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक. आणि नोटिशीत उल्लेख असलेला नकाशा. तो त्या कार्यालयात बघायला ठेवलेला असतो, प्रत मागता येते. डीपी रिमार्कमध्ये आरक्षणाचा संकेतांक असतो. आरओएस १.४ म्हणजे खेळाचं मैदान, आरओएस १.५ म्हणजे उद्यान, आरई १.१ म्हणजे पालिकेची शाळा. हरकतीत हा संकेतांक हवा. ‘आमचं मैदान’ या शब्दाला फायलीत अर्थ नाही. त्याच गल्लीत मैदानाचं एक आरक्षण, शाळेचं दुसरं आणि रस्तारुंदीची रेघ तिसरी, असंही असतं आणि लोक भलत्याच तुकड्यावर हरकत देऊन मोकळे होतात.

अर्ज दोन पानांचा पुरे. वर नोटिशीचा क्रमांक, दिनांक, कलम, सीटीएस क्रमांक, संकेतांक, क्षेत्रफळ. मग मुद्दे. सगळ्यात जड मुद्दा कायद्यातच आहे. कलम ३७खालचा फेरबदल आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणारा असू नये, असं ते कलम सांगतं. भागातलं एकुलतं एक मोठं मैदान जात असेल तर ‘स्वरूप बदलतं’ हे आकड्यांनी दाखवा. पायी दहा मिनिटांच्या अंतरात आरक्षित मैदानं किती, त्यांतली प्रत्यक्ष ताब्यात किती, अतिक्रमण किती, पार्किंग किती. टेपनं मैदान मोजून घ्या. नोटिशीत ४,००० चौरस मीटर आणि जागेवर ३,२०० भरतात, असं निघालं तर तोच मुद्दा पहिला.

शेवटी पर्याय सुचवा. ‘बदल करू नये’ एवढ्यावर थांबलेली हरकत एका ओळीत फेटाळता येते. ‘बदल करायचाच असेल तर अमुक सीटीएसवर तेवढंच क्षेत्र, तेवढ्याच रुंद रस्त्यावर, आधी ताब्यात घेऊन, मग हे आरक्षण उठवा’ असं लिहिलंत की अधिकाऱ्याला अहवालात त्याचं उत्तर द्यावंच लागतं. ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे वाक्यही लिहा. दोन प्रती घेऊन जा, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ईमेलवर विसंबू नका.

सुनावणीचं पत्र पुष्कळदा दोन-चार दिवस आधी येतं, वेळ दिवसाढवळ्या कामाच्या तासांत. मोजकी मिनिटं मिळतात. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोललेलं सगळं लेखी देऊन पुन्हा पोच घ्यायची.

याच महिन्यात माहिती अधिकारात एक अर्ज टाका. शुल्क १० रुपये. विचारायचं एवढंच, की या भूखंडाच्या मालकानं कलम १२७खाली खरेदी सूचना, म्हणजे ‘आरक्षित जमीन ताब्यात घ्या’ अशी नोटीस, दिली आहे का, कोणत्या तारखेला, आणि त्यावर महापालिकेनं काय केलं. आराखडा लागू होऊन १० वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक अशी सूचना देऊ शकतो, आणि नंतरच्या २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण आपोआप गळून पडतं. कित्येक मैदानं अशीच जातात. हरकती मागवणं नाही, सुनावणी नाही, राजपत्रात दोन ओळी. तुमच्याकडे निदान नोटीस तरी निघाली.

प्रश्न : आम्ही १,२०० सह्यांची हरकत दिली. अहवालात ती ‘एक हरकत’ म्हणून मोजली. हा अन्याय नाही का? (चेंबूर)

राग येणं साहजिक आहे, पण हरकत म्हणजे मत नव्हे. तिथे डोकी मोजत नाहीत, मुद्दे मोजतात. एकाच छापील मजकुराच्या हजार प्रती दिल्या तरी त्या एकत्र बांधून एकच उत्तर लिहिलं जातं. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांचे वीस अर्ज जड जातात. शाळेच्या पालकांनी मुलांच्या खेळाच्या तासावर लिहावं, ज्येष्ठांनी रस्ता ओलांडण्यावर, क्रिकेट क्लबनं वापराच्या वेळापत्रकावर, आणि कुणीतरी पावसाचं पाणी कुठे साचतं त्यावर, तारखेसह फोटो लावून. १,२०० सह्या वाया गेलेल्या नाहीत. त्या घेऊन नगरसेवकाला भेटा. त्याला मात्र डोकी मोजता येतात.

प्रश्न : मी कुर्ल्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. मतदार यादीत नाव गावी आहे. मला हरकत घेता येईल का? (कुर्ला पूर्व)

येईल. कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतो. मालकी लागत नाही, मतदार ओळखपत्र लागत नाही, मुंबईचा पत्तासुद्धा लागत नाही.

मतदानाची मागणी करणाऱ्यांनी तुमचं पत्र वाचावं. प्रभागाचं मतदान घेतलं तर तुम्ही बाहेर. तुमच्यासारखे लिव्ह अँड लायसन्सवाले बाहेर, रोज विरार-बदलापूरहून येऊन इथेच स्वस्त घर मिळेल का याची वाट बघणारे बाहेर. ज्यांचं घर झालेलं आहे तेवढेच आत. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती आणि पालिकेचे प्रभाग २२७, म्हणजे सरासरी एका प्रभागात ५५,००० माणसं. त्यांतले मतदार किती आणि मैदानाच्या प्रश्नासाठी घराबाहेर पडणारे किती, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

प्रश्न : नगरसेवकाच्या हातात या बाबतीत काय असतं? (भांडुप)

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी, पण नगरसेवक सांगतात त्यापेक्षा जास्त. महापालिकेचे आरक्षणबदलाचे प्रस्ताव आधी सुधार समितीत आणि मग सभागृहात जातात. तिथे ते अडवता येतात, दुरुस्ती सुचवता येते, स्थळपाहणीची मागणी करता येते. सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ला संपली आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ला झाली. मधल्या काळात प्रस्ताव मांडणारं आणि मंजूर करणारं एकच प्रशासन होतं. आता समिती आहे, तर तिचा वापर करून घ्या. बैठकीआधी विषयपत्रिका निघते. आपल्या नगरसेवकाकडे ती मागायची सवय लावा, आणि विषय निघाल्यावर त्यानं काय म्हटलं ते इतिवृत्तात बघा. २००९मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूदही आली, मतदान केंद्रांच्या हद्दीतल्या नागरिकांची सभा. ती कागदावरच राहिली. तुमच्या नगरसेवकानं कधी बोलावली का, हे एकदा चारचौघांत विचारून बघा.

प्रश्न : आमच्या चाळीत ५१ टक्के लोकांनी संमती दिली की पुनर्विकास होतो, बाकीच्या ४९ टक्क्यांना मान तुकवावी लागते. चाळीला मतदान चालतं, मग शहराला का नाही? (गिरगाव)

प्रश्न चपखल आहे. उपकरप्राप्त इमारतींना (म्हाडाला दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारती) विकास नियमावलीच्या ३३(७)खाली ५१ टक्के भाडेकरू-रहिवाशांची लेखी संमती लागते, झोपडपट्टीला ३३(१०)खालीही ५१ टक्के. दोन्हींकडे आधी ७० टक्क्यांची अट होती. सहकारी सोसायट्यांना सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)खालचे ४ जुलै २०१९चे निर्देश लागू आहेत. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस १४ दिवस आधी, दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती, निर्णयाला एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांचा होकार, विकासकाच्या निवडीच्या सभेला निबंधकांचा अधिकारी हजर आणि सभेचं चित्रीकरण. हे ५१ टक्के हजर सभासदांचे नव्हेत, एकूणांचे. १०० सभासदांच्या सोसायटीत ७० आले आणि ४० हात वर झाले, तर बहुमत दिसतं पण ठराव पडला. इथेच सर्वाधिक घोळ होतात आणि वर्ष-दीड वर्षानं कुणीतरी निबंधकाकडे जातं.

आता तुमचा मुद्दा. चाळीच्या मतदानात मत देणाऱ्याचंच घर पणाला लागलेलं असतं. ‘हो’ म्हटलं तर त्यालाच ट्रान्झिटला, तात्पुरत्या घरात, जायचंय, त्यालाच पुढे निदान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळायचंय. ‘नाही’ म्हटलं तर गळकं छप्पर आणि टेकू त्याच्याच वाट्याला. विरोध करणाऱ्यालाही घर मिळतंच, म्हाडा कायद्याच्या कलम ९५(अ)खाली घराबाहेर काढलं तरी. एफएसआयच्या मतदानात तसं नसतं. ‘नाही’ म्हणणाऱ्याचं काही जात नाही, उलट त्याच्या फ्लॅटचा भाव चढतो, आणि फटका बसतो तो दुसऱ्याच कुणाला. शिवाय तुमच्या चाळीला वाढीव एफएसआय मिळतो म्हणून विकासक फुकट घर देतो. शेजारच्या प्रभागानं मतदान करून तोच एफएसआय काढून घेतला तर तुमचे ५१ टक्के तुम्ही घेऊन काय करणार?

प्रश्न : हे सगळं मान्य. तरीही मतदान घ्यायचंच ठरलं, तर ते कसं असावं, असं तुमचं मत? (दादर)

एफएसआयवर नको, हे आधीच सांगितलं. बेटावर, म्हणजे मुंबई शहरात, मूळ १.३३ आणि उपनगरांत १, त्यावर प्रीमियम (जादा एफएसआयसाठी भरायचं शुल्क) आणि टीडीआर (दुसऱ्या भूखंडावरून आणलेला बांधकामाचा हक्क) घेऊन रस्त्याच्या रुंदीप्रमाणे अनुक्रमे ३ आणि २.५पर्यंत, वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे आणखी जादा बांधकाम. हा आकडा शहराच्या पाण्याशी, मलवाहिन्यांशी, रेल्वेशी बांधलेला असतो. एका प्रभागानं तो दाबला तर दुसरीकडे फुगतो.

मतदान घ्यावं ते एका प्रकारच्या बदलावर : ठरावीक भूखंडावरचं मैदान, उद्यान, शाळा किंवा दवाखान्याचं आरक्षण कमी करायचं असेल तेव्हा. तिथे वापरणारे कोण हे कळतं, नुकसान कुणाचं हे कळतं, आणि बदली जागा दाखवता येते. प्रभागाची हद्द धरू नये. ती दर निवडणुकीला सरकते आणि मैदान नेमकं हद्दीवर असतं. भूखंडापासून साधारण ८०० मीटरांत राहणारे सगळे प्रौढ, भाडेकरूंसह, असं वर्तुळ काढावं. बाटलीच्या मतदानासारखी २५ टक्के सह्यांची पायरी ठेवावी, म्हणजे उठसूट मतदान होणार नाही. आणि ‘हो की नाही’ न विचारता ‘हे मैदान इथेच ठेवायचं, की तेवढीच जागा अमुक ठिकाणी आधी ताब्यात घेऊन मग बदलायचं’ असं विचारावं. कोऱ्या नकारापेक्षा तुलना केव्हाही बरी. त्याच जागी झोपडपट्टी असेल तर तिथे राहणाऱ्यांचं मत वेगळं मोजावं. मोकळ्या जागेच्या आरक्षणावर वस्ती असेल तर किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवून उरलेल्या भागावर पुनर्वसन करता येतं, हा नियम जून २०२५मध्ये उच्च न्यायालयानं कायम ठेवला. तिथे मैदानावरचा हक्क आणि डोक्यावरचं छप्पर समोरासमोर येतात, आणि वर्तुळातल्या बहुमताच्या जोरावर कुणाचं छप्पर काढता येणार नाही.

सगळ्यात अवघड काम मतपत्रिकेवरचं वाक्य. त्यासाठी गिरण्यांच्या जमिनीकडे बघा. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८नं ठरवलं होतं की गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानानं एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणीचे तीन हिस्से तसेच राहिले, फक्त ते संपूर्ण जमिनीचे न मोजता गिरणीतल्या मुळात मोकळ्या असलेल्या तुकड्याचे मोजायचे ठरले. शेड पाडून मोकळी झालेली जमीन हिशेबातून बाहेर गेली. उच्च न्यायालयानं २००५मध्ये जुना अर्थ उचलून धरला, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००६मध्ये नवा. परळ-लोअर परळमध्ये आज जे उभं आहे त्यातलं बरंचसं ‘मोकळी’ या एका शब्दावर उभं आहे. ‘मोकळ्या जागेच्या व्याख्येत सुधारणा करावी का?’ असा प्रश्न २००१मध्ये गिरणगावातल्या मतदारांसमोर ठेवला असता, तर किती जणांना तो कळला असता? म्हणून वाक्याखाली दोन आकडे छापणं सक्तीचं हवं : बदलाआधी सार्वजनिक जागा किती चौरस मीटर, बदलानंतर किती.

असा कायदा उद्या होणार नाही. तोवर कॅलेंडरवर एक तारीख लिहून ठेवा. २०३४च्या आराखड्यात नव्यानं आलेल्या आरक्षणांची १० वर्षं १ सप्टेंबर २०२८ला भरतात आणि खरेदी सूचना त्यानंतर सुरू होतील. तुमच्या भागातल्या अशा भूखंडांची यादी डीपी रिमार्कवरून आत्ताच काढता येते. संपादनासाठी एकाही भूखंडाचे पैसे अर्थसंकल्पात धरलेत का, हे सुधार समितीतल्या तुमच्या नगरसेवकाला विचारायला मतपेटी लागत नाही.